माईक नसलेल्या मैफलीवरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली, पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा जरा कमी रागाने आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निम्म्या गोष्टी तुमच्या बरोबर आहेत. म्हणून लगेच काही लिहिलं नाही, दोन दिवस जाऊ दिले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी हाऊस कॉन्सर्टवर लिहिलं होतं, म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं, एक गिटार, एक फिडल (म्हणजे व्हायोलिनच), स्टेज नाही, स्पीकर नाही, आणि त्यात एक वाक्य टाकलं होतं की माईक गेला की संगीत शुद्ध होतं. त्यावर प्रतिक्रिया देणाऱ्या यांचं म्हणणं असं की हा शुद्धतेचा सोस म्हणजे चार निवांत लोकांचा माज आहे, लोकसंगीत उघड्यावरचं, ते सोफ्यासमोर आणून बसवलं की त्याचा शोपीस होतो, तीस जणांसमोर वाजवून कुणाचं घर चालत नाही, आणि हे स्वतः अशा एका घरी मागे दाराजवळ बसले होते तर गाण्याचे शब्द ऐकूच आले नाहीत, वर नुसता खोकला आला तरी लोक वळून बघत होते.

तर पहिलं, "शुद्ध" हा शब्द मागे घेतला. पोस्टमध्ये बदललाय सुद्धा, बघा. तुम्ही चिडलात म्हणून नाही हं, मला स्वतःलाच तो खोटा वाटायला लागला. कारण ज्याला आपण साधी अकूस्टिक गिटार म्हणतो तीच मुळात मोठ्या आवाजाच्या हव्यासातून घडलीय. ते मोठ्या पोटाचं रुंद मॉडेल, ड्रेडनॉट, मार्टिन कंपनीने पहिल्यांदा १९१६ साली बनवलं आणि त्याला नाव दिलं चक्क ब्रिटिश युद्धनौकेचं! १९२७ मध्ये नॅशनल कंपनीने गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ कोन बसवले, स्पीकरच्या कोनासारखे, कारण बँडमधल्या ब्रास वाद्यांपुढे बिचारी गिटार ऐकूच जायची नाही. म्हणजे गिटारला वीज जोडली जाण्याआधीपासून सगळे ओरडायचाच प्रयत्न करत होते. आणि याहून गंमत म्हणजे आपण ज्याला "किती जवळचं, किती आतलं गाणं" म्हणतो ना, ते कानात कुजबुजल्यासारखं गाणं, ती तर माईकचीच देणगी आहे. १९२५ च्या आसपास रेकॉर्डिंगमध्ये माईक आला, त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोकळ्या गळ्याने गावं लागायचं. माईक आल्यावर हळू गाणं परवडायला लागलं. तेव्हा माईक म्हणजे भेसळ हे माझं म्हणणं इतिहासातच टिकत नाही.

पण म्हणून माईक नसण्याने काहीच फरक पडत नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि यात भावनेचा भाग कमी आहे. स्टेजवर अकूस्टिक गिटार लावतात तेव्हा बहुतेक वेळा घोडीच्या खाली पिझो पिकअप नावाचा छोटा सेन्सर असतो, तो तारेचा दाब पकडतो, लाकडाची हवा पकडत नाही, म्हणून तो आवाज जरा प्लास्टिकसारखा टणटण येतो. बरं, माईक जवळ लावावा तर गिटारचं पोट साधारण १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास स्वतःच घुमत असतं, स्पीकरचा आवाज परत त्या पोटात शिरतो आणि भोंगा सुरू होतो, मग साऊंडवाला खालचा बेस कापतो. म्हणजे हॉलमध्ये तुम्ही ऐकता ती त्या गिटारची कापलेली आवृत्ती असते. घरात ती कापाकापी नाही. एवढंच. यात पवित्र वगैरे काही नाही, पण फरक ऐकू येतो, आणि ज्याने ते वाद्य वीस वर्षं मांडीवर घेऊन सांभाळलंय त्याला तर खूपच ऐकू येतो.

आता तुमची मागची रांग. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, आणि मला वाटतं चूक तुमच्या कानांची नाही, यजमानाची आहे. लोकांना वाटतं की खोली लहान म्हणजे आवाज आपोआप पोचणार. तसं नसतं हो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) पडतो, खोलीत भिंतींवरून परत येणारा आवाज थोडी मदत करतो पण ती मदत माणसं शोषून घेतात, अक्षरशः. हार्वर्डमध्ये १८९५ मध्ये वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक लेक्चर हॉल दुरुस्त करायला दिला होता, तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, मग तो रात्री-अपरात्री शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. त्यातून त्याने सूत्र काढलं आणि १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल त्या हिशेबावर बांधला गेला. मला या गोष्टीतलं आवडतं ते गाद्या वाहणं. कारण आम्ही घरी नेमकं उलटं करतो, कलाकार दुपारी येऊन रिकाम्या खोलीत वाजवून बघतो, आहाहा काय घुमतंय म्हणतो, आणि संध्याकाळी तीस माणसं म्हणजे तीस गाद्या येऊन बसतात आणि ते घुमणं कुठल्या कुठे जातं.

पहिल्या दोन-तीन वेळा मी हेच केलं. कलाकाराला खोलीच्या आखूड बाजूला बसवलं, मागे छान जाड पडदा (फोटोत सुंदर दिसतो!), आणि पुढे सात रांगा. पडद्याने वरचे सूर खाल्ले, पहिल्या रांगेतल्या डोक्यांनी शब्द खाल्ले आणि सातव्या रांगेत बसलेल्या एका मावशींनी मला नंतर विचारलं की तो इंग्रजीत गात होता का. नव्हता! आता मी लांब भिंतीला पाठ करून बसवते, मागे उघडी भिंत, रांगा चारच पण रुंद, पुढचे लोक जमिनीवर, मग बुटकी आसनं, मग खुर्च्या, आणि कलाकार उंच स्टुलावर, म्हणजे त्याचं तोंड आणि गिटारचं भोक दोन्ही पुढच्या डोक्यांच्या वर राहतं. हे सगळं करायला अर्धा तास लागतो. तुम्ही गेला होतात तिथे कुणी तो अर्धा तास दिला नसणार. आणि तरीही ऐकू येत नसेल तर गाण्यापुरता एक छोटा स्पीकर लावावा, मी लावलाय दोनदा, आकाश कोसळलं नाही. मूळ पोस्टमध्ये हे लिहायला मी लाजले, कारण मग ते शुद्ध वगैरे राहिलं नसतं ना.

आणि शांततेचं. तुम्ही त्याला हुकूमशाही म्हणालात. अहो, पण साधा हिशेब बघा, शांत खोलीत सुद्धा ३०-४० डेसिबल आवाज असतोच, बोटांनी हळू छेडलेली गिटार साध्या बोलण्याच्या आवाजाच्या आसपास असते, म्हणजे सगळा खेळ मधल्या पंचवीस-तीस डेसिबलच्या पट्टीत. दोन माणसं मागे बोलायला लागली की पट्टी संपली. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे, १९८२ पासूनचं, जेमतेम नव्वद खुर्च्यांचं, तिथे गाणी लिहिणारे लोक मध्ये गोल करून बसतात आणि श्रोत्यांना सरळ "श्श्श" म्हणून गप्प बसवतात, ती त्या जागेची ओळखच आहे. टायनी डेस्क कॉन्सर्ट्स, म्हणजे अमेरिकेच्या एनपीआर रेडिओच्या ऑफिसात टेबलाशी होणाऱ्या छोट्या मैफली, तुम्ही पाहिले असतीलच, त्यांचा जन्म तर गोंगाटातूनच झालाय. लॉरा गिब्सन नावाची हळू आवाजात गाणारी गायिका २००८ मध्ये टेक्सासमधल्या एका बारमध्ये गात होती, गर्दीच्या कलकलाटात काही ऐकू येईना, तेव्हा ऐकायला आलेल्या दोघा रेडिओवाल्यांपैकी एकजण गमतीत म्हणाला की त्यापेक्षा आमच्या ऑफिसात टेबलाशी येऊन गा. ती खरंच गेली! तर शांतता हा शिष्टपणा नसतो, हळू आवाजाच्या संगीताला बसायला तेवढीच जागा मिळते.

मात्र खोकल्यावर वळून बघणं, ते चूकच. आणि एक सांगते, आमच्याकडे सगळ्यात मोठा उपद्रव खोकल्याने केला नाही, फ्रिजने केला. एक बाई बँजो आणि गिटार घेऊन आल्या होत्या, दुसरंच गाणं जी (G) या सुरात सुरू केलं आणि थांबल्या, म्हणाल्या कुणीतरी जरा वर वाजवतंय. आम्ही एकमेकांकडे बघतोय. तर ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा फ्रिज १०० हर्ट्झला गुणगुणतो, आणि गिटारच्या सगळ्यात जाड तारेवरचा जी ९८ हर्ट्झचा. म्हणजे माझा फ्रिज रोज थोडा वर चढलेला जी लावून बसलेला असतो आणि मला इतक्या वर्षांत पत्ता नाही. प्लग काढला तेव्हा जे काही खोलीत झालं ना, सगळ्यांचे खांदेच खाली आले एकदम.

लोकसंगीत उघड्यावरचं, हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडला आणि सगळ्यात कमी पटला. उघड्यावरचं आहेच, पण घरातलंही आहे की. पाळणा काय मैदानात म्हणतात? दळताना, शिवताना, आजारी माणसाच्या उशाशी म्हटलेली गाणी पहिल्यापासून चार भिंतींतलीच. १९४१ साली ॲलन लोमॅक्स मिसिसिपीत गाणी गोळा करत फिरत होता तेव्हा मडी वॉटर्सचं पहिलं रेकॉर्डिंग त्याच्या राहत्या घरीच झालं, पुढे जो माणूस शिकागोला जाऊन इलेक्ट्रिक ब्लूजचा राजा झाला तोच हा, म्हणजे घर आणि ॲम्प्लिफायर यांचं काही भांडण नव्हतं त्याच्या लेखी. तुम्ही अमेरिकेतल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाचं उदाहरण दिलंत, १९६५, बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि लोकसंगीतवाले कसे खवळले ते. पण लोकगायक पीट सीगर यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की त्यांचा राग विजेवर नव्हता, आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते म्हणून होता. तुमची मागच्या रांगेतली तक्रार आणि त्यांची तक्रार एकच आहे बघा, तुम्हाला आवडो न आवडो.

आणि लोकगीतात सगळ्यांनी म्हणायचं असतं असं म्हणाल, तर म्हणतात की. उलट तीस जणांत धृपद उचललं तर स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि लाज वाटते, पहिल्या वेळी सगळे पुटपुटतात, तिसऱ्या वेळी कोपऱ्यातला एखादा मनुष्य वरचा सूर धरतो जो त्याने जन्मात कुणासमोर धरलेला नसतो. कलाकारांनाही हे सोपं नसतं. मी ज्यांच्याशी बोललेय त्यातले बरेचजण म्हणतात की दोन हजारांपुढे दिव्यांच्या उजेडात समोर अंधार असतो, इथे पहिल्या रांगेतल्या माणसाचा गुडघा दिसतो आणि त्याने घड्याळ पाहिलं तर तेही दिसतं.

पैशाचं. हे मी मूळ लेखात एका ओळीत उडवलं होतं आणि तुम्ही नेमकं तिथेच धरलंत. हाऊस कॉन्सर्टची रीत अशी की जमलेले सगळे पैसे कलाकाराचे, यजमानाने एक पैसा ठेवायचा नाही, हॉलभाडं नाही, कुणाचा कट नाही, आणि दौऱ्यावरचा माणूस बऱ्याचदा त्याच घरी झोपतो, म्हणजे हॉटेलही वाचतं. शनिवार-रविवारचे मोठे कार्यक्रम मिळतात पण मधला मंगळवार-बुधवार कोरडा जातो, तो असा भरून निघतो. एकट्या याच्यावर घर चालतं का, तर नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर तो फसवतोय. "तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" म्हणून फुकट बोलावणारे यजमान आहेत, मला माहीत आहेत, आणि त्यांच्या घरी जाऊ नये. पण मीही काही कमी नाही केलं. पहिल्या वेळी दाराशी एक डबा ठेवला, वर काही लिहिलं नाही, तोंडाने सांगायचा संकोच वाटला, तर निम्मे लोक "वा, काय मजा आली" म्हणत डब्याला वळसा घालून गेले. तो मुलगा कोपऱ्यात केबल गुंडाळत सगळं बघत होता. त्या रात्री मी माझे पैसे टाकून रक्कम बरी केली आणि ते त्यालाही कळलं, म्हणजे त्याला दुप्पट अवघडल्यासारखं झालं. तेव्हापासून मी पहिला सेट संपल्यावर, इंटर्व्हलच्या आधी, उभं राहून स्पष्ट बोलते, आणि बोलावतानाच किती अपेक्षित आहे ते कळवते. शेवटी सांगून उपयोग नसतो, शेवटी लोक चपला शोधत असतात.

तुमच्या ज्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही तो ओळखीपाळखीचा. खरंय, घर आहे ते, पत्ता मी जाहीर टाकू शकत नाही, मग येणार ते माझ्या ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे. व्हीलचेअरवरचा माणूस माझ्या जिन्यावरून वर येऊ शकत नाही. सभागृहाला निदान दार सगळ्यांसाठी एकच असतं. मी दर वेळी पाच जागा अनोळखी माणसांसाठी राखते, पण पाच म्हणजे किती ते मलाही कळतं.

तर त्या पाचातली एक पुढच्या वेळी तुमची. मुद्दाम मागे बसा, अगदी दाराजवळ, आणि शब्द कळला नाही तर गाणं चालू असताना खुशाल हात वर करा, मी कलाकाराला आधीच सांगून ठेवते. खोकला आला तर खोका. फक्त निघताना मला फ्रिजची आठवण करा, गेल्या वेळी सकाळपर्यंत बंदच राहिला होता.