धुळ्यातल्या 'गुप्त फायली'वाल्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, धुळे-जळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की रॉच्या, म्हणजे भारताच्या हेरसंस्थेच्या, जुन्या कागदी फायली धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात लपवल्यात आणि तिथले शिपाई म्हणजे खरंतर गुप्त पहारेकरी. भो, हे खरं नाही. मला माहितीय कारण तो मजकूर माझ्याच गोष्टीतला आहे, वर 'काल्पनिक' लिहिलेलं ती ओळ कोणीतरी कापली. गोष्टीतली हेरसंस्था मनातली, लाल रुमालात बांधलेला गठ्ठा उशाशी घेऊन झोपणारा तो म्हातारा शिपाईपण मनातलाच. रॉ आणि मंडळ ही दोन्ही नावं तर मी घेतलीच नव्हती, ती नंतर चिकटवलीत.

खरं मंडळ १९२७ चं, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच गेले, त्यानंतर त्यांच्या संग्रहासाठी उभं राहिलेलं, तिथे जुनी मोडी कागदपत्रं आहेत. रॉचा जन्मच १९६८ चा.

चूक माझीपण, गोष्टीच्या प्रत्येक भागावर 'काल्पनिक' टाकायला पाहिजे होतं, आता टाकलंय. आमच्या गल्लीतले एक काका तर मला हळूच विचारत होते, "आत जायला परवलीचा शब्द काय रे?"

मेसेज आला तर पुढे ढकलू नका, आणि पाठवून झाला असेल तर त्याच ग्रुपात हे टाका.