वाघाचा चष्मा

आमच्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांचं कपाट काचेचं आहे आणि त्याला कुलूप आहे. पुस्तकाचं नाव सांगायचं, मग काका किल्ली शोधणार. साडेतीन वर्षांच्या पोरीनं नाव काय सांगायचं? तिनं काचेला नाक चिकटवलं आणि बोट दाखवलं, "तो वाघ."

घरी येऊन उघडलं तर पिना गंजलेल्या, मधल्या पानावर पिवळी पडलेली चिकटपट्टी, आणि वाघाला कुणीतरी निळ्या बॉलपेननं चष्मा काढलेला.

"बाबा, हा कुणी काढला?"

"तुझ्याआधी ज्यानं नेलं असेल त्यानं."

"त्याचं नाव काय?"

झालं! वाघाची गोष्ट राहिली बाजूला, त्या रात्री चष्मेवाल्या मुलाचीच गोष्ट रंगली. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' या मालेतली बरीच पुस्तकं आम्ही विकतही घेतलीत, स्वस्त असतात. पण कोऱ्या पुस्तकात असं आधी येऊन गेलेलं कुणी भेटत नाही.

काकांचं म्हणणं एकच, "मुलं फाडतात हो." फाडतात. आमच्या बाईसाहेबांनी तर एक कोपरा चावलाय, मी मुकाट्यानं दंड भरला. काकांची अडचणही कळते. अनुदान तुटपुंजं, आणि पुस्तक गहाळ झालं की दाखल नोंदवहीसमोर, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदलेलं असतं त्या वहीसमोर, उत्तर त्यांनी द्यायचं. तरीही, ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच 'ग्रंथ हे उपयोगासाठी असतात' हा आहे. एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत. आपण कुलपावर आलोय, एवढंच. माझं म्हणणं साधं आहे: सगळ्यात खालच्या फळीवर पंचवीस-तीस चित्रपुस्तकं उघडी ठेवा, फाटणार हे धरूनच. पोरांचा हात पोचेल तिथे.

आणि आपण पालकांनी जरा तोंड आवरावं. "यातून काय शिकलीस?" हे मीही विचारायचो. एकदा एक बिनशब्दांचं पान आलं. वाचायला काही नाही म्हणून मी उलटायला गेलो, तर तिनं त्यावर पंजाच ठेवला. खाली गवतात नखाएवढी गोगलगाय होती. मी ते पान चार वेळा पाहिलं होतं.

वाघ तीनदा बदलून पुन्हा तोच आणला. रविवारी अखेर परत केला. तिनं टाचा उंचावून काउंटरवरून विचारलं, "आता हा कोण नेणार?"

"येईल तो नेईल," काका म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावलं.