अर्ध्या हळकुंडाचे समीक्षक

लॉस एंजेलिसचे सिनेसमीक्षक डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी पुरस्कारांच्या मतदानाला बसतात. तिथली सकाळ म्हणजे सांगलीची मध्यरात्र. साडेतेरा तासांचा फरक. मतदान होईल तसा एकेक विजेता जाहीर करतात, उपविजेत्यासकट, आणि मधेच खायला उठतात. उठतात ते उठतातच. इकडं विश्रामबागेत मी गोधडीत मोबाईलचा उजेड लपवून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची वाट बघतोय आणि तिकडं कुणाला तरी अजून एक ऑम्लेट हवंय.

बायको कूस बदलते. ‘‘काय झालं? कुणाचं झालं?’’ रात्री बाराला मोबाईल हातात दिसला की तिच्या लेखी कुणीतरी गेलेलं असतं.

‘‘संकलनाचं झालं,’’ मी म्हणतो. ‘‘छायाचित्रणाचं व्हायचंय.’’

ती काही बोलत नाही. लग्नाला आता बरीच वर्षं झाली.

यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नसतो, हे वेगळं सांगायला नको. पुरस्कारांचे सिनेमे अमेरिकेत वर्ष सरता सरता लागतात, आणि आपल्याकडं आलेच तर मुंबई-पुण्यापर्यंत येऊन दम टाकतात. २०२४ च्या डिसेंबरात आमच्याकडच्या पडद्यांवर ‘पुष्पा २’ ठाण मांडून बसला होता. पण मत द्यायला सिनेमा बघावाच लागतो असा काही कायदा नाही. ट्रेलर बघायचा, दिग्दर्शकाची दाढी बघायची, की मत तयार.

त्या साली काय झालं, आधी न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळानं ‘द ब्रुटलिस्ट’ निवडला. हे मंडळ १९३५ सालचं, म्हणजे खानदानी. झालं, मी लगेच चहाच्या गाड्यावर जाहीर केलं की हे वर्ष ब्रुटलिस्टचं. साडेतीन तासांचा सिनेमा आणि त्यात चक्क पंधरा मिनिटांचं मध्यंतर! या मध्यंतराचं अमेरिकेत केवढं कौतुक चाललं होतं. आमच्याकडं मध्यंतराला बटाटेवडा गार मिळाला तर नाटक पडलं असं समजतात.

आठवडा उलटायच्या आत लॉस एंजेलिसनं ‘अनोरा’ला कौल दिला. माझा भडंगवाला मित्र तेव्हापासून अनोराचा झाला. कारण एवढंच, की मी ब्रुटलिस्टचा होतो. जानेवारीत नॅशनल सोसायटी या समीक्षकांच्याच आणखी एका मंडळानं तिसराच काढला, ‘निकेल बॉईज’. तीन मंडळं, तीन सिनेमे. मी तिन्हींच्या बाजूनं आणि तिन्हींच्या विरुद्ध सारख्याच तावातावानं बोललो. भडंगवाला मात्र अनोराला चिकटून राहिला. धंद्याची माणसं, एकदा धरलेला भाव सहजी सोडत नाहीत.

तिन्ही मंडळांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं: परभाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट पायल कपाडियांचा, ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. नॅशनल सोसायटीनं तर दिग्दर्शनाचा मानही त्यांनाच दिला. कान महोत्सवात ग्रां प्री हा मानाचा पुरस्कार आधीच मिळाला होता. आणि आपण ऑस्करला पाठवला होता ‘लापता लेडीज’, जो डिसेंबरातच ऑस्करच्या पहिल्या पंधरांच्या यादीत न बसून घरी परतला. यावर मी जेवताना भाषण सुरू केलं. निवड समिती, दृष्टीचा अभाव, जागतिक पातळी वगैरे. आई शांतपणे भाकरी मोडत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘त्या दोन्ही सिनेमांत छाया कदम आहे म्हणे. मग भांडतोस कशाला? कुठलाबी गेला तरी आपलंच माणूस गेलं असतं.’’

या मुद्द्याला आजवर एकाही समीक्षक मंडळानं उत्तर दिलेलं नाही.

काका मार्केट यार्डात अडत्या आहेत. त्यांच्याकडं गेलो तेव्हा राजापुरी हळदीचं वक्कल, म्हणजे विक्रीला आलेला माल, समोर होतं. त्यांनी पोत्यातनं एक हळकुंड काढलं, कट्‌कन मोडलं, आतला रंग उजेडात धरून बघितला, वास घेतला, मग कुठं तोंड उघडलं. ते माझ्यासाठीच.

‘‘तू ज्याची बाजू घेऊन भांडतोस, तो सिनेमा बघितलास का रे?’’

‘‘अजून आला नाही आपल्याकडं.’’

‘‘लोकं अर्ध्या हळकुंडानं पिवळी होतात. तू नुसतं पोतं बघून झालास.’’

वास्तविक पुरस्कारांची सांगलीला नवलाई नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, इथंच दिला जातो. पण त्यावर वाद घालायला काही मजा येत नाही. मानकऱ्याची नाटकं गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेली असतात, काहींनी तर दोनदा. ‘योग्य माणसाला मिळाला’ म्हणून सगळे चहा पिऊन मोकळे. असल्या पुरस्कारात भांडायला जागाच ठेवलेली नसते.

३ मार्चला, सोमवारी पहाटेच उठून ऑस्कर बघितलं. ‘अनोरा’नं पाच बाहुल्या नेल्या, त्यात संकलनाचीही. पैजेप्रमाणं मला भडंगवाल्याला मिसळ खिलवावी लागली. दुसरा पाव तर्रीत बुडवता बुडवता त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘भावा, खरं सांग. ही अनोरा बाई हाय का गाव?’’

‘‘नावात काय अडकतोस,’’ मी म्हणालो. ‘‘संकलन बघ.’’