आई न्हाय, मालकीण

आज १६ डिसेंबर. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, कंटाळा असेल तर पुढं सरका.

सकाळी काकीला साताऱ्यात एका कार्यक्रमाला घेऊन गेलो होतो. आमंत्रण दहाचं, पाहुणे उगवले साडेबाराला. स्टेजवर आण्णांचा, म्हणजे माझ्या काकांचा, भरती झाल्यावर काढलेला फोटो, मिसरूड नुकतं फुटलेलं. शेजारी त्र्याहत्तर वर्षांची काकी. निवेदिकेनं माईकवरून दिलं ठोकून, "आता वीरमातेचा सत्कार!" काकी शाल सावरत हळूच म्हणाली, "आई न्हाय बाई, मालकीण हाय मी त्यांची." माईक तोवर पुढच्या नावावर गेलेला.

अरे, यादी तुमच्याच हातात होती ना?

आण्णा १९६८ ला बेळगावला भरती झाले. पहिली मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. एकाहत्तरच्या लढाईत ब्रह्मपुत्रा ओलांडून, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या पाठीमागं जाऊन रस्ता अडवून बसलेली ती हीच. १० डिसेंबरच्या रात्री आतले पाकिस्तानी कोंडी फोडून निघायला बघत होते, त्या रात्री आण्णा गेले. वय बावीस. सहाव्या दिवशी ढाक्यात शरणागती झाली, गावात पेढे वाटले. तार त्यानंतर आली. देह आलाच नाही, तेव्हा आणत नसत. यातलं एक अक्षर भाषणात नाही. नुसतं बलिदान, बलिदान. आमच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धातल्या ४६ जणांचा आकडा तरी दगडात कोरलाय, इथं तेवढंही नाही.

बरं, कार्यक्रम केलाच नसता तरी मीच बोंबललो असतो, ते मान्य.

पण त्या पोराबद्दल कुणी काही विचारत नाही याचा राग येतो. ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा शिक्का असलेलं त्यांचं शेवटचं पत्र घरात आहे. लढाईचं नाव नाही त्यात. धाकट्या बैलाचा खांदा सुजलाय, हळद-तेल लावता का, बरा होईस्तोवर गाडीला जुंपू नका, सर्वांस नमस्कार. बास. बायकोचं नाव पत्रात घालायची तेव्हा रीत नव्हती. पण बैलाला हळद लावायचं काम काकीचं, त्यामुळं पत्र कुणाला होतं ते घरात सगळ्यांना कळलं. लग्नाला दीड वर्ष, त्यात सुट्ट्या दोन.

उत्तर सहावीतल्या माझ्या वडलांनी लिहिलं, काकी सांगत गेली तसं. हळद रोज लावते. सूज उतरली.

पुढं पलटणीतून काळी ट्रंक आली, त्यात ते उत्तर होतं.

मगाशी घरी आल्यावर काकीनं शाल दाराच्या खुंटीला अडकवली आणि ट्रंक काढायला लावली. दरवर्षी काढते. तिला वाचता येत नाही, डोळ्यांनी आता दिसतही नाही नीट. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "फोडलंय न्हवं रं? बघ नीट."

कड बोटानं फाडलेली आहे, वाकडीतिकडी. चार घड्या पडल्यात.

"फोडलंय काकी," म्हटलं. "वाचलंय त्यांनी."