वाचकांपासून ग्रंथालय कसे वाचवावे

ग्रंथपालहो, वाचकांच्या गरजा बदलत चालल्या आहेत, अशी ओरड हल्ली फार ऐकू येते. घाबरू नका. बदलू द्यात त्यांना. नोकरदार माणूस संध्याकाळी सातला मोकळा होतो ना? मग देवघेव साडेपाचला बंद करा. आवड असेल तर सवड काढेल.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले चौथे, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, छान चौकट करून भिंतीवर लावा; शक्यतो रांग लागते तिथेच, म्हणजे सावकाश वाचता येईल. पाचवे सूत्र सांगते की ग्रंथालय वाढत जाणारे असते. हे मात्र तंतोतंत पाळा आणि एकही पुस्तक बाद करू नका. विंडोज ९८ शिकवणारी पुस्तके दर्शनी फळीवर असली, की नव्या पुस्तकांना ‘जागा नाही’ असे छातीठोकपणे सांगता येते.

संगणकीकरण हवेच. ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, शीर्षक टाकले की हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’ आले पाहिजे. पुस्तक जागेवर असण्याशी त्याचा संबंध नाही. ग्रंथालय व्यवस्थापनाचे पुस्तक ड्युई वर्गीकरणातल्या ०२५ या क्रमांकाऐवजी ५२०मध्ये, खगोलशास्त्राच्या शेजारी निघाले तर बिघडले कुठे? वाचकाची दृष्टी विशाल होते. दृष्टिहीन वाचकांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा संगणकही घ्या. तो वरच्या मजल्यावर ठेवा, हेडफोन कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खिशात. उद्घाटनाचा फोटो तेवढा खाली लावा.

ई-पुस्तकांचे म्हणाल, तर हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११मध्ये ग्रंथालयांना नियम घातला: ई-पुस्तक २६ वेळा दिले की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. केवढा गहजब झाला! आपण लॉगिन फक्त ग्रंथालयाच्या आत चालेल अशी सोय करावी. २६ वेळा निवृत्तीपर्यंत पुरतील.

विलंबशुल्काला तर हातच लावू नका. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९मध्ये ते रद्द केले आणि लोकांच्या घरी अडकलेली पुस्तके भराभर परत यायला लागली. इतकी पुस्तके परत आली तर ती लावायची कोणी?

एवढे करूनही कुणी ‘वाचकांना विचारा’ म्हणालाच, तर सर्वेक्षण घ्या. फॉर्म देवघेवीच्या टेबलावरच ठेवा. जे येईनासे झाले त्यांचे मत घेऊन काय करायचे? प्रश्न एकच: आपण समाधानी आहात का? पर्याय दोन, ‘हो’ आणि ‘खूपच’. सभासद क्रमांक लिहिणे सक्तीचे ठेवा. समासात कुणी तिसरेच काही खरडले, तर नूतनीकरणाला येईल तेव्हा बघून घेऊ.