धुक्यात त्या बाणामागे चालू नका

एआर चष्मा म्हणजे समोरच्या दृश्यावरच बाण, खुणा उमटवणारा चष्मा. त्याबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘एआर चष्मा घरीच बनवा. फोनमधलं जीपीएस आणि कंपास पुरतात. बाण अचूक वाटेवर पडतो, धुक्यातही बिनधास्त चाला. उन्हात फिकं दिसलं तर ब्राइटनेस वाढवा. बॅटरी दांडीत मावते, दिवसभर चालते.’ काल तो भाचीने पाठवला. खाली प्रश्न: ‘मामा, ट्रेकच्या आधी बनवू का?’

चष्मा बनवायला माझी ना नाही. पण धुक्यातला तो सल्ला जीवघेणा आहे.

अमेरिकी सरकारची जीपीएसबद्दलची अधिकृत वेबसाइटच सांगते की मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारण ४.९ मीटर त्रिज्येची असते; झाडं, इमारती, पूल जवळ आले की ती आणखी बिघडते. डोंगरातली पायवाट असते मीटरभराची. पाच मीटरांत वाटही येते आणि दरीही. दिसत असताना माणूस पाय मागे घेतो. धुक्यात त्याच्यासमोर फक्त बाण असतो, तोही ठळक, खात्रीशीर वाटणारा.

कंपासचं दुखणं वेगळंच. माझ्या एका जोडणीत बॅटरीची वायर कंपासच्या चिपपासून दोन बोटांवर होती. प्रोसेसरवर भार आला, करंट वाढला, की कंपासची उत्तर दिशा सरकायची. मी जागचा हललेलो नसताना बाण बाजूला वळताना पाहिलाय. जाणारी-येणारी वायर एकमेकींत पिळली, चिप लांब नेली, तेव्हा कुठे तो थांबला. दिशा १० अंशांनी चुकली तर १०० मीटरवरची खूण १७ मीटर बाजूला दिसते. हे सॉफ्टवेअरने नंतर पूर्णपणे निस्तरणं अवघड. कुठली वायर कुठून न्यायची हे आधीच ठरवावं लागतं.

ब्राइटनेसचं म्हणाल तर पारदर्शक डिस्प्ले बाहेरच्या प्रकाशात फक्त भर घालतो, काही वजा करू शकत नाही. भर दुपारी ऊन लाखभर लक्सपर्यंत (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जातं; त्यापुढे ती भर फिकीच पडते. काळी काच लावली तर चित्र उठून दिसतं खरं, पण सावलीत शिरलात की पायाखालचा दगड दिसत नाही.

बॅटरी? ४ वॉट धरले तरी आठ तासांना ३२ वॉट-तास, म्हणजे नुसते सेलच सव्वाशे ग्रॅमच्या पुढे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या डोक्यावर घालायच्या एआर उपकरणाचं वजन ५६६ ग्रॅम, आणि चालतो दोन-तीन तास.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. १९९७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या ‘टूरिंग मशीन’ या सुरुवातीच्या फिरत्या एआर यंत्रणेला पाठीवर कॉम्प्युटर वागवावा लागत होता, तेवढं गणित आज फोन सहज करतो. चिप लहान झाली. ऊन, कंपासला भुलवणारं लोखंड आणि दरी होती तेवढीच आहेत.

भाचीला कळवलंय: बनव, पण पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, उजेडात घे. बाण दाखवेल तिथे खुंटी ठोक, खऱ्या जागेपासून टेपने अंतर मोज, आणि तो आकडा मला पाठव. ट्रेकला नकाशा घेऊन जा.