मिरर असताना बॅकअपचे पैसे कशाला? आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की सर्व्हरमध्ये दोन डिस्क मिररला (म्हणजे एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही) असताना आम्ही वर दोन एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउडचं वर्षाचं भाडं गळ्यात मारलं, रात्री नेट रडत चालतं, आणि काही बिघडलेलं नसताना 'रिस्टोअर टेस्ट'चं, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत उघडून बघण्याचं, व्हिजिट बिल लावलं. उत्तर इथेच देतो, कारण चिपळूणमधली बाकीची गिऱ्हाइकंही काउंटरवर हेच विचारतात.

एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी मिरर असतो. तुमच्या ऑपरेटरकडून एखादं फोल्डर चुकून उडालं, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरचंही, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचंही, तेच. २०१७ च्या मे महिन्यात पसरलेला वॉनाक्राय तर मशीनला जोडलेल्या एक्स्टर्नल डिस्कवरच्या फायलीही लॉक करत होता. म्हणून तुमची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायला सांगितली आहे, आणि दर शनिवारी ऑफिसातली डिस्क घरी, घरची ऑफिसात.

ती घरी का न्यायची, हे चिपळूणकराला सांगावं लागू नये. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा सर्व्हर, यूपीएस आणि शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क असं सगळं एकत्रच बुडालेली ऑफिसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. रोज इमानदारीने बॅकअप घेणारी माणसं होती ती. तुमचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे, मान्य. पण मे महिन्यात वीज कडाडली किंवा चोरी झाली, तर मजला काय कामाचा? घरच्या डिस्कसोबत हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी दिली आहे, तीही वापरा. आपल्या दमट हवेत यूएसबीचे पिन लवकर खराब होतात.

नेटचं म्हणाल तर तो त्रास पहिल्या काही रात्रींपुरताच. पहिली कॉपी पूर्ण क्लाउडवर जाते. ३०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडवर चढवायला सलग ३३ तास लागतात, आणि आपण रात्री १० ते सकाळी ६ एवढंच चालवतो. त्यानंतर फक्त बदललेला भाग जातो.

आता व्हिजिट बिल. साहेब, या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच फेरी. रोज सकाळी येणारा 'बॅकअप पूर्ण' हा मेल एवढंच सांगतो की काम संपलं. आतला डेटा उघडतो की नाही, हे उघडल्याशिवाय कळत नाही. टॅली (तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) चालू असताना तिच्या फायली नुसत्या उचलल्या तर कॉपी अर्धवट निघू शकते, म्हणून रात्री आधी टॅलीचा स्वतःचा बॅकअप होतो आणि मग तो वर जातो. त्या दिवशी आमच्या दुकानातल्या मुलाने तुमच्या सर्व्हरला हात न लावता क्लाउडवरची कॉपी वेगळ्या लॅपटॉपवर उतरवली, टॅलीत उघडली, आणि तुमच्या हिशेबनीसांनी छापील ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकेची यादी) घेऊन एकेक आकड्यावर टिक केली. पासवर्डही मुद्दाम तुमच्याकडच्या बंद लिफाफ्यातल्या कागदावर बघून टाइप करायला लावला. तेव्हाच कळलं की कागदावरचा शून्य 'ओ'सारखा दिसतोय, आणि तो तिथेच नीट लिहून घेतला. हा डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे. पासवर्ड गेला तर तो कोणालाच उघडता येणार नाही, आम्हालाही नाही. आम्ही तो आमच्याकडे ठेवतही नाही.

जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून ७ रोजच्या, ४ आठवड्यांच्या, १२ महिन्यांच्या कॉप्यांशिवाय प्रत्येक मार्चअखेरची कॉपी वेगळी राखली आहे. अधिकाऱ्याने जुनं वर्ष मागितलं आणि ती फाईल उघडलीच नाही, तर माझ्या बिलाची पावती दाखवून तुमचं भागणार नाही.

टेस्टचे पैसे कोटेशनमध्ये लिहिलेले होते, त्यामुळे बिल तसंच राहील. पण ही टेस्ट तुमच्या ऑफिसातला माणूसही करू शकतो. येत्या शनिवारी त्याला दुकानावर पाठवा, मी स्वतः शिकवतो, त्याचे पैसे नाहीत. पुढच्या वेळेपासून व्हिजिटची गरज पडणार नाही. येताना लॅपटॉप, लिफाफा आणि मार्चअखेरचा ट्रायल बॅलन्स आणायला सांगा.